बत्तिसांतले एकटे : नगरपालिकेतील जोतीराव

क्रांतिबा जोतीराव फुले म्हटले की १८४८ ची मुलींची शाळा आठवते, १८७३ चा सत्यशोधक समाज आठवतो. पण १८७६ ते १८८२ या काळात तात्यासाहेब पुणे नगरपालिकेचे सदस्य होते, ही गोष्ट जयंती-स्मृतिदिनाच्या भाषणांत क्वचितच येते. आज ती सांगायला हवी.

त्या काळची नगरपालिका लोकांची नव्हती. सदस्य सरकार नेमत असे. खर्च कशावर करायचा हे अध्यक्ष आणि अधिकारी ठरवत, सदस्यांनी मान डोलवायची असा रिवाज होता. ज्याने नेमले त्याच्याविरुद्ध बोलणार कोण?

जोतीराव बोलले. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार म्हणून शहर सजवायला एक हजार रुपये खर्च करायचे ठरले. अध्यक्ष प्लंकेट यांनी सदस्यांची संमती मागितली. बत्तीस नियुक्त सदस्यांपैकी एकट्या जोतीरावांनी विरोध केला. हा पैसा करदात्यांचा आहे, तो गोरगरिबांच्या शिक्षणावर लावा, अशी त्यांची भूमिका होती. ठराव अर्थातच मंजूर झाला. पण एक नकार कायमचा नोंदला गेला.

१८८० मध्ये पुण्यात दारूची दुकाने वाढू लागली, तेव्हा त्यांनी थेट अध्यक्षांना पत्र लिहून हरकत घेतली. लोकांच्या आरोग्यासाठी एकीकडे खर्च करायचा आणि दुसरीकडे त्यांचे संसार उद्ध्वस्त करणारी दुकाने वाढू द्यायची, ही विसंगती त्यांनी दाखवून दिली. शहरात मोठी मंडई बांधण्याचा विषय आला तेव्हाही त्यांनी विरोधच केला. इमारतीपेक्षा शिक्षण आधी, हाच त्यांचा हिशोब. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाची जी मागणी मांडली, तिच्यामागे हाच विचार होता. मंडई १८८६ मध्ये उभी राहिली, तिला गव्हर्नर रे यांचे नाव मिळाले. पुढे त्याच वास्तूला महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले! ज्यांचे ऐकले नाही त्यांचेच नाव दारावर.

जोतीराव विकासाच्या विरोधात नव्हते. ते स्वतः बांधकामाचे ठेके घेत. पूल आणि धरणाची कामे त्यांना जवळून माहीत होती. त्यांचा प्रश्न एवढाच होता : पैसा कोणाचा आणि फायदा कोणाचा? हा प्रश्न विचारायचा अधिकारही त्यांनी आचरणातून कमावला होता. १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद त्यांनी अस्पृश्यांसाठी खुला केला, तेव्हा कोणत्याही ठरावाची वाट पाहिली नाही.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले. बाबासाहेबांनी बुद्ध आणि कबीर यांच्यासोबत त्यांना गुरू मानले.

आज आपल्याकडे मताचा अधिकार आहे, ७४ वी घटनादुरुस्ती आहे, प्रभाग समित्यांची तरतूद आहे. तरीही २०२२ नंतर राज्यातल्या अनेक महापालिका कित्येक वर्षे निवडून आलेल्या सदस्यांविना, प्रशासकांच्या हाती राहिल्या. आपल्या वस्तीतली नळजोडणी, अभ्यासिका, बुद्धविहारासमोरचा रस्ता यांचे निर्णय कोणी, कोणाला विचारून घेतले? मित्रांनो, पुतळ्याला हार घालून झाल्यावर आपल्या प्रभागाचा अर्थसंकल्प मागून वाचा. बत्तिसांत एकटे पडलात तरी हरकत नोंदवा.

क्रांतिबांना विनम्र अभिवादन. जय जोती, जय भीम!