पवनारचा कांचनमुक्तीचा प्रयोग

पैसा हे अनर्थाचे मूळ आहे असे सांगणारे उपदेशक आपल्याकडे कधीच कमी नव्हते. परंतु पैशावाचून जगता येते किंवा नाही, हे स्वतः कुदळ हाती घेऊन तपासून पाहणारे विरळा. आचार्य विनोबा भावे हे अशा विरळांपैकी होत. भूदानाचे प्रणेते म्हणून त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. पण भूदानाच्या आधी, १९५० साली, पवनारच्या आश्रमात त्यांनी चालविलेला कांचनमुक्तीचा प्रयोग आज फारसा कोणाच्या स्मरणात नाही. वस्तुतः त्यांच्या पुढील कार्याचे मर्म त्या प्रयोगात सापडते, आणि त्या कार्याच्या मर्यादाही त्याच्याच उजेडात स्पष्ट होतात.

तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील गागोदे या खेड्यात ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबांचा जन्म झाला. वडील नोकरीनिमित्त बडोद्यास असल्यामुळे त्यांचे शिक्षण तेथे झाले. एके दिवशी त्यांनी आपली प्रमाणपत्रे आईच्या देखत चुलीत जाळून टाकली. त्या कागदांवर मिळू शकणाऱ्या पगाराचा मार्गही त्याबरोबर बंद झाला. १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेला हा तरुण सुरतेस गाडीतून उतरला, काशीस गेला आणि त्याच वर्षी जूनमध्ये अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात गांधीजींपाशी येऊन पोहोचला. १९२१ मध्ये जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून वर्ध्यास आश्रमाची शाखा निघाली व तिची धुरा विनोबांकडे आली.

वर्ध्याजवळ नालवाडीस राहत असताना त्यांनी स्वतःच्या कातण्यावर जगून पाहिले. दिवसाचे सात-आठ तास चरखा वा टकळी चालवावी आणि खेड्यातील कातणाऱ्या बाईला जी मजुरी मिळे तेवढ्यात आपला आहार बसवावा, असा तो क्रम होता. त्या मजुरीत माणसाचे पोट नीट भरत नाही, हे त्यांना हिशेबाच्या वहीत शोधावे लागले नाही. ते त्यांच्या ताटात दिसत होते. कष्ट तेवढेच राहतात, पण त्यांचे मोल दुसराच कोणी ठरवितो, ही नाण्याची करामत त्यांना येथे उमगली. कातणाऱ्यांना जगण्यापुरती मजुरी मिळावी हे धोरण चरखा संघाने १९३५ साली स्वीकारले, त्यामागे अशाच अनुभवांचे बळ होते.

स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत महागाई आणि काळा बाजार यांनी सामान्य माणूस गांजला होता. रचनात्मक कार्य करणाऱ्या संस्थांचा संसार मात्र धनिकांच्या देणग्यांवरच चालला होता. ज्या व्यवस्थेला बदलावयाचे तिच्याच थैलीतून बदलाचा खर्च भागवावयाचा, ही विसंगती विनोबांना डाचू लागली. त्यातून पवनार येथे धाम नदीच्या काठी परंधाम आश्रमात त्यांनी नवा नियम केला. आश्रमाने पैशाचे दान घ्यावयाचे नाही. अन्न आणि वस्त्र आपल्या श्रमाने निर्माण करावयाचे. कोणाला साहाय्य करावयाचेच असेल तर त्याने येऊन श्रम द्यावे किंवा स्वतः कातलेले सूत द्यावे.

हा वैराग्याचा देखावा नव्हता. आश्रमवासीयांनी जमीन बैलांवाचून, कुदळी-फावड्यांनी खणली. या शेतीला विनोबांनी ऋषिशेती हे नाव दिले. विहिरीवरचा रहाट बैल न जुंपता माणसांनीच फिरवावा आणि त्याच्या फेऱ्यांबरोबर गीताईचे श्लोक म्हणावे, असा परिपाठ पडला. भाजीपाला पिकला आणि अंगावर घरच्या सुताचे कापड आले. विनोबांची प्रकृती मुळातच क्षीण, त्यात पोटाचे दुखणे. तरीही ते इतरांच्या बरोबरीने मातीत उतरत. पैशावाचून जगणे म्हणजे गरजेवाचून जगणे नव्हे; गरज आणि हात यांच्यामध्ये उभा राहणारा मध्यस्थ दूर करणे होय, हे त्या शेतात प्रत्यक्ष दिसले.

पुढच्याच वर्षी हैदराबादजवळ शिवरामपल्ली येथे सर्वोदय संमेलन भरावयाचे होते. विनोबा मार्च १९५१ मध्ये तेथे पायी निघाले. पायी चालणाऱ्यास तिकीट लागत नाही, आणि भाकरीचा भार वाटेवरचे गाव आनंदाने उचलते. संमेलनानंतर तेलंगणातून हिंडताना १८ एप्रिल रोजी पोचमपल्लीच्या भूमिहीनांनी ८० एकर जमिनीची मागणी मांडली, आणि गावातील रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केली. भूदानाचा जन्म असा झाला. कांचनमुक्तीत आश्रमापुरता असलेला विचार आता गावापर्यंत गेला. ग्रामदानाच्या पुढील कल्पनेत जमिनीची मालकी ग्रामसभेकडे जावी, जमीनधारकाने विसावा हिस्सा भूमिहीनांना द्यावा, पिकातून मणामागे एक शेर व मजुरीतून महिन्याकाठी एक दिवस ग्रामकोषात टाकावा, अशी योजना होती. अडल्यानडल्यास सावकाराचे दार ठोठावावे लागू नये, हा तिचा हेतू.

चळवळ वाढली तसा तिलाही पैशाचा आधार जडला. गांधी स्मारक निधीतून कार्यकर्त्यांचा खर्च चाले. १९५६ च्या अखेरीस तामिळनाडूतील पळणी येथे विनोबांनी हा आधार सोडण्याचा आणि भूदान समित्या विसर्जित करण्याचा निर्णय घेतला. अनेक निष्ठावंत कार्यकर्ते त्यामुळे उघड्यावर पडले, आणि काही प्रांतांत काम मंदावले. तत्त्व निर्दोष असले तरी, ज्यांच्या पाठीशी पवनारची शेती नव्हती त्यांनी जगावे कसे, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही.

हीच उणीव मोठ्या प्रमाणावर दिसून आली. दानपत्रांवर ४० लाख एकरांहून अधिक जमीन जमली. परंतु तिचा फार मोठा भाग नापीक, वादग्रस्त किंवा वाटपावाचून पडून राहिला. अनेक ग्रामदाने कागदावरच राहिली. पवनारला प्रत्येकाचा हात रोज मातीला लागत होता, म्हणून प्रयोग तगला. जेथे सही हाच त्यागाचा आरंभ आणि शेवट ठरला, तेथे तो टिकला नाही. पैशाची जागा घ्यावयास श्रम आणि परस्परविश्वास दोन्ही लागतात. त्यांवाचून पैसा नुसता दूर केला तर पोकळीच उरते.

१५ नोव्हेंबर १९८२ रोजी, अन्न व औषध वर्ज्य करून, विनोबांनी पवनार येथेच देह ठेवला. पुढे २०१३ साली गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने राज्याच्या १९६४ च्या ग्रामदान कायद्याचा आधार घेऊन आपली शेतजमीन ग्रामसभेच्या स्वाधीन करण्याचे ठरविले. त्या गावाला वर्षानुवर्षे एकत्र बसून, सर्वसहमतीने निर्णय घेण्याची सवय होती. सही मागाहून आली. पहिल्या तारखेच्या पगारावर महिना रेटणाऱ्या मध्यमवर्गाला पवनारचा रहाट फिरविणे जमणार नाही, हे उघड आहे. परंतु आपल्या गरजांपैकी किती गोष्टी आपल्या हातांनी आणि शेजाऱ्याच्या सोबतीने भागू शकतात, एवढा हिशेब त्यालाही मांडता येईल. विनोबांनी तो आयुष्यभर मांडला, आणि पहिला आकडा नेहमी स्वतःच्या नावे लिहिला.