७ पैशांचा ‘सकाळ’ ८ पैशांना विका, नाहीतर पानं कमी करा! सरकारच्या या हुकमाविरुद्ध नानासाहेब परुळेकर थेट सुप्रीम कोर्टात गेले

आपण तयार केलेला माल कितीला विकायचा हे कुणी ठरवायचं? बनवणाऱ्याने, विकणाऱ्याने, की सरकारने?

साबण, तेल किंवा बिस्किटाच्या बाबतीत हा प्रश्न आला तर तो धंद्याचा प्रश्न असतो. पण तो माल म्हणजे रोज सकाळी दारात पडणारा पेपर असेल तर? मग हा प्रश्न फक्त धंद्याचा राहतो की लोकांच्या बोलण्याच्या हक्कापर्यंत जातो?

१९६० साली पुण्याच्या एका संपादकासमोर नेमका हाच पेच उभा राहिला. भांडण होतं एका नव्या पैशाचं. त्यातून जो निकाल आला तो आजही देशातल्या जवळपास प्रत्येक लॉ कॉलेजमध्ये शिकवला जातो. संपादकांचं नाव डॉ. नारायण भिकाजी परुळेकर. पुणेकरांसाठी नानासाहेब.

अमेरिकेतून पीएच.डी. घेऊन आले आणि पेपर काढला

नानासाहेबांचा जन्म २० सप्टेंबर १८९८ चा. शिकायला ते अमेरिकेत गेले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून त्यांनी पीएच.डी. मिळवली. तिथल्या मुक्कामात त्यांनी अमेरिकन वर्तमानपत्रं जवळून पाहिली. त्यांच्या पत्नी शांताबाई मूळच्या फ्रेंच. लग्नानंतर त्या पुण्यात आल्या आणि पुण्याच्याच झाल्या.

एवढा शिकलेला माणूस प्राध्यापक होईल असं कुणालाही वाटलं असतं. नानासाहेबांनी पेपर काढायचं ठरवलं. १ जानेवारी १९३२ रोजी पुण्यात ‘सकाळ’ सुरू झाला.

मुहूर्त कसला होता बघा. तीनच दिवसांनी, ४ जानेवारीला, मुंबईत महात्मा गांधींना अटक झाली. सविनय कायदेभंगाचं आंदोलन पुन्हा पेटलं होतं. लोकांना ताज्या बातम्यांची भूक होती.

पुण्यात तेव्हा वर्तमानपत्रांची कमी नव्हती. टिळकांचा ‘केसरी’ होता, पण तो रोज निघत नव्हता. तो दैनिक झाला १९६२ साली. ‘ज्ञानप्रकाश’ मात्र १९०४ पासून दैनिक होता. त्या काळातल्या मराठी पत्रांचा मुख्य जोर असे अग्रलेखावर. संपादकाला काय वाटतं ते वाचायला लोक पेपर घ्यायचे.

नानासाहेबांनी गणित उलटं मांडलं. आधी बातमी, मग मत. गावात काय घडलं, बाजारात भाव काय आहे, नगरपालिकेत काय ठरलं, हे वाचकाला रोज सकाळी चहाबरोबर कळलं पाहिजे. त्यासाठी त्यांनी गावोगावी बातमीदार नेमले. भाषा सोपी ठेवली. कुठल्याही राजकीय पक्षाला पेपर बांधला नाही.

पेपर हा दोनदा विकला जाणारा माल

इथे धंद्याचं गणित समजून घ्यायला हवं, नाहीतर पुढचा खटला कळणार नाही.

वर्तमानपत्र दोनदा विकलं जातं. एकदा वाचकाला आणि एकदा जाहिरातदाराला. वाचक जे पैसे देतो त्यातून एजंट आणि पेपर विकणाऱ्या पोऱ्याचं कमिशन जातं. उरलेल्या रकमेत कागद, शाई, छपाई, वाहतूक आणि पगार भागत नाहीत. ती तूट जाहिरातीतून भरून निघते.

जाहिरातदार पैसे का देतो? कारण पेपर जास्त घरांत जातो. पेपर जास्त घरांत का जातो? कारण तो स्वस्त असतो आणि त्यात वाचायला भरपूर असतं.

म्हणजे किंमत, पानं, खप आणि जाहिरात या चार गोष्टी एकाच दोरीने बांधलेल्या आहेत. एक ओढली की बाकीच्या तीन हलतात. पेपर एका पैशाने महागला तर एजंटकडची मागणी घटते. मागणी घटली की खप उतरतो. खप उतरला की जाहिरातदार दर पाडून मागतो. मग तूट भरायला पुन्हा किंमत वाढवावी लागते.

नानासाहेबांनी सुमारे तीन दशकं हा तोल सांभाळला. कोर्टासमोर आलेल्या माहितीनुसार ‘सकाळ’चा खप रोजचा ५२,००० आणि रविवारचा ५६,००० होता. अंक महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जायचा. आठवड्यातले पाच दिवस सहा पानं आणि एक दिवस चार पानं, किंमत ७ नवे पैसे. रविवारचा अंक दहा पानांचा, किंमत १२ नवे पैसे. सुमारे ४० टक्के जागा जाहिरातींना आणि बाकीची बातम्या, लेख आणि मतांना.

सरकारचा हेतू वाईट नव्हता

स्वातंत्र्यानंतर सरकारने पहिला प्रेस कमिशन नेमला. त्याचे अध्यक्ष होते न्यायमूर्ती राजाध्यक्ष. कमिशनसमोर एक खरी अडचण आली. मोठ्या भांडवलदारांच्या साखळी वर्तमानपत्रांकडे जाहिरातींचा ओघ होता. त्या जोरावर ती कमी किमतीत जास्त पानं देऊ शकत होती. छोट्या पेपरला हे परवडत नसे. वाचक मोठ्याकडे जायचा आणि छोटा बंद पडायचा.

आजच्या भाषेत सांगायचं तर ऑनलाइन कंपन्या डिस्काउंट देऊन कोपऱ्यावरच्या दुकानदाराचं गिऱ्हाईक पळवतात, तशीच ही तक्रार होती.

त्यावर उपाय म्हणून कमिशनने किंमत आणि पानं यांचं कोष्टक सुचवलं. इतक्या किमतीला इतकीच पानं. १९५६ साली संसदेने तसा कायदा केला आणि १९६० साली दैनिकांसाठी प्रत्यक्ष आदेश निघाला. कोणत्या किमतीला आठवड्यात किती पानं द्यायची हे आता सरकार ठरवणार होतं. पुरवणी काढायची तर परवानगी लागणार होती. जाहिरातींना किती जागा द्यायची यावर बंधन घालण्याचा अधिकारही कायद्याने सरकारला दिला होता.

गंमत अशी की मोठ्या साखळ्यांना आवरण्यासाठी केलेला हा कायदा पुण्यातल्या एका स्वतंत्र मराठी पेपरवर येऊन आदळला.

‘सकाळ’ रविवार सोडून सहा दिवसांत ३४ पानं देत होता. ७ पैसे किंमत कायम ठेवायची तर आता फक्त २४ पानं देता येणार होती. ३४ पानं हवीच असतील तर किंमत करा ८ पैसे.

दहा पानं कापायची की एक पैसा वाढवायचा? पहिल्या वाटेवर बातम्या जाणार होत्या, दुसऱ्या वाटेवर वाचक.

पुण्याहून थेट दिल्ली

नानासाहेबांनी तिसरी वाट धरली. ‘सकाळ’ची कंपनी आणि तिचे भागधारक राज्यघटनेच्या कलम ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. विशेष म्हणजे ‘सकाळ’च्या दोन वाचकांनीही वेगळ्या याचिका केल्या. पेपर काढणाऱ्याच्या हक्काबरोबर तो वाचणाराही कोर्टाच्या दारात उभा राहिला.

ते १९६१ साल पुणेकर विसरू शकत नाहीत. १२ जुलैला पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. कोण वाचलं, मदत कुठे मिळते, पाणी कधी येणार, हे लोकांना कळायला हवं होतं. पेपरमधली पानं कमी असणं म्हणजे काय, हे समजायला अशा शहराला वकिलाची गरज नव्हती.

कोर्टात सरकारचा मुद्दा असा होता. वर्तमानपत्र चालवणं हा व्यापार आहे आणि लोकहितासाठी व्यापारावर वाजवी बंधनं घालता येतात. आम्ही कुणाला काय लिहायचं ते सांगत नाही, फक्त किंमत आणि पानं ठरवतो. अनुचित स्पर्धा थांबवणं हे लोकहिताचंच काम आहे.

‘सकाळ’चा मुद्दा होता की लिहिलेलं लोकांपर्यंत पोहोचलंच नाही तर लिहिण्याच्या स्वातंत्र्याला अर्थ काय?

२५ सप्टेंबर १९६१

पुरानंतर ७५ दिवसांनी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाचा निकाल आला. तो लिहिला होता न्यायमूर्ती ज. र. मुधोळकर यांनी.

कोर्टाने सांगितलं की विचार मांडण्याच्या स्वातंत्र्यात तो विचार लोकांपर्यंत पोहोचवण्याचं स्वातंत्र्यही येतं. वर्तमानपत्राचा खप हा त्या स्वातंत्र्याचाच भाग आहे. आपला मजकूर किती आणि तो किती लोकांपर्यंत न्यायचा, हे पेपर काढणाऱ्याने ठरवायचं. किंमत वाढवायला लावली की खप घटतो. पानं कमी करायला लावली की मजकूर घटतो. दोन्हीकडून घाव स्वातंत्र्यावरच बसतो.

मग व्यापाराचं काय? घटनेत व्यापाराच्या हक्कावर लोकहितासाठी बंधन घालता येतं. भाषणस्वातंत्र्यावर मात्र कलम १९(२) मध्ये मोजून दिलेल्या कारणांसाठीच बंधन घालता येतं. देशाची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था, बदनामी वगैरे. अनुचित स्पर्धा रोखणं हे कारण त्या यादीत नाही. एकाचा आवाज वाढावा म्हणून दुसऱ्याचा आवाज कमी करता येणार नाही.

जाहिरातींबाबतही कोर्टाने तोच धागा पकडला. जाहिरातीची जागा कापली की पेपरला किंमत वाढवावी लागणार आणि खप घसरणार. म्हणजे वरवर धंद्याचा दिसणारा नियम शेवटी वाचकापर्यंत जाणारी वाटच अडवतो.

कायद्यातलं किंमत आणि पानांचं मुख्य कलम आणि १९६० चा आदेश, दोन्ही घटनाबाह्य ठरले. ‘सकाळ’ची ३४ पानं ७ पैशांतच राहू शकत होती.

पण छोट्या पेपरचं काय?

या निकालाला दुसरी बाजू आहे. प्रेस कमिशनने मांडलेली अडचण निकालाने सुटली नाही. जाहिरातीच्या बळावर किंमत पाडून स्पर्धकाला जेरीस आणण्याचा मार्ग मोकळाच राहिला. ‘सकाळ’सारख्या स्वतंत्र पेपरने जिंकलेला खटला उद्या बड्या साखळ्यांनाही तितकाच उपयोगी पडणार होता.

आणि तसंच झालं. १९७२-७३ च्या धोरणात सरकारने कागदाच्या टंचाईचं कारण देऊन पेपरवर दहा पानांची मर्यादा घातली. या वेळी कोर्टात गेली देशातली बडी वृत्तपत्र कंपनी, बेनेट कोलमन. पाच न्यायमूर्तींपैकी चौघांनी ही मर्यादा रद्द केली आणि त्यासाठी ‘सकाळ’च्या निकालाचा आधार घेतला. पाचवे न्यायमूर्ती मॅथ्यू मात्र वेगळं बोलले. मोजका कागद सगळ्यांत वाटणं म्हणजे स्वातंत्र्यावर घाला नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. मोठ्यांना आवरायचं तर कसं आणि कुणाच्या किमतीवर, हा वाद सोशल मीडियाच्या काळातही मिटलेला नाही.

नानासाहेब तोवर पत्रकारितेतलं मोठं नाव झाले होते. पीटीआय या वृत्तसंस्थेचं अध्यक्षपद त्यांनी सांभाळलं. १९७० साली त्यांना पद्मभूषण मिळाला.

बेनेट कोलमनचा निकाल लागला ३० ऑक्टोबर १९७२ रोजी. त्यानंतर ७० दिवसांनी, ८ जानेवारी १९७३ रोजी, नानासाहेबांचं निधन झालं. एका पैशासाठी लढलेला आपला खटला पुढच्या मोठ्या खटल्याचा पाया झालेला त्यांच्या हयातीतच दिसला होता.