बंदिशींना कागदावर आणणारे पंडित भातखंडे

लखनौ : येथील भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय ज्यांच्या नावाने ओळखले जाते, त्या पंडित विष्णू नारायण भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईत वाळकेश्वर येथे झाला. तरुणपणी ते सतार शिकले. १८८७ मध्ये कायद्याचे पदवीधर झाले. पत्नी व मुलीच्या निधनानंतर वकिली सोडून त्यांनी संगीतसंशोधनास वाहून घेतले.

इंग्लंडमध्ये जॉन प्लेफर्डने १६५१ मध्ये नृत्यधुना स्वरलिपीसह छापल्या. म्हणूनच त्या आजही मँडोलिनवर वाजविता येतात. हिंदुस्थानी बंदिशी मात्र गुरुमुखातूनच शिष्याकडे जात. परक्यास चीज देण्यास अनेक उस्ताद नाखूश असत आणि त्यांच्यासोबतच कित्येक रचना लोपत. भातखंडे यांनी देशभर हिंडून, रामपूर दरबारी शिष्यत्व पत्करून त्या मिळविल्या व सुबोध स्वरलिपीत उतरविल्या. ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांमुळे घराण्यांचा ठेवा सामान्य विद्यार्थ्यांच्या हाती आला.

राय उमानाथ बली आदींच्या साहाय्याने १९२६ मध्ये त्यांनी लखनौत मॅरिस कॉलेज उभारले. तेच आजचे विश्वविद्यालय. १९ सप्टेंबर १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या दहा थाटांविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मींड आणि गमक तर गुरूशिवाय साधत नाहीत. तथापि, त्यांनी लिहून ठेवलेल्या बंदिशी गायकांमागे उरल्या.