८ जीबी रॅम आणि होमी भाभांची १० केबी मेमरी
धाराशिवला आमच्या घरी एक जुना लॅपटॉप आहे. ४ जीबी रॅम, आत हार्ड डिस्क. बहिणीचं इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष, आणि हा गडी चालू व्हायलाच पाच मिनिटं खायचा. नवीन घ्यायचा तर सोयाबीन विकेपर्यंत थांबा. म्हणून मी ८ जीबीची रॅम आणि २५६ जीबीची एसएसडी मागवली. रॅमची ती बोटभर पट्टी हातात घेतली आणि डॉ. होमी भाभा आठवले. अणुऊर्जेवाले भाभा सगळ्यांना माहीत आहेत. कॉम्प्युटरवाले भाभा फारसे नाहीत.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ चा, मुंबईतला. पोरानं केंब्रिजला इंजिनिअरिंग करून जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्यात लागावं, ही घरच्यांची इच्छा. त्यांनी इंजिनिअरिंग पूर्ण केलं, पण जीव फिजिक्समध्ये. १९३९ मध्ये सुट्टीला भारतात आले आणि तेवढ्यात दुसरं महायुद्ध पेटलं. परत जाणं राहिलं. काही वर्षं बंगळूरला काम केलं आणि १९४५ मध्ये टीआयएफआर ही संशोधन संस्था सुरू केली. ती त्याच वर्षी मुंबईत आली.

संशोधनाला आकडेमोड करणारं मशीन लागणार होतं. ते इथंच बनवायचं ठरलं. १९५४ मध्ये अमेरिकेत शिकलेले आर. नरसिंहन आले आणि टीम कामाला लागली. आधी एक छोटं नमुना मशीन, मग १९६० मध्ये मोठं. त्यात २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं नाव ठेवलं, टिफरॅक.

आता त्याची मेमरी बघा. फेराइटच्या बारीक कड्या तारांमध्ये ओवलेल्या. एक कडी म्हणजे एक बिट, ० किंवा १. ४० बिटांचे २,०४८ शब्द, म्हणजे ८१,९२० बिट. झाले किती? फक्त १० केबी! माझी ८ जीबीची पट्टी त्याच्या आठ लाख पटींहून मोठी. तुमच्या व्हॉट्सअॅपवरचा एक साधा फोटोही त्यात बहुधा मावला नसता.

खरं सांगायचं तर टिफरॅक तयार होईपर्यंत ट्रान्झिस्टर आले होते, ट्यूबचा जमाना संपत आला होता. १९६४ मध्ये टीआयएफआरमध्ये सीडीसी ३६०० हे अमेरिकन मशीन आलं. मग सगळी मेहनत वाया गेली का? मला नाही वाटत. मशीन जुनं झालं, पण ते आतून-बाहेरून ओळखणारी माणसं इथं तयार झाली होती. भाभा मात्र २४ जानेवारी १९६६ ला माँ ब्लाँवरच्या विमान अपघातात गेले. वय अवघं ५६.

तर, लॅपटॉप. काही विकत घेण्याआधी टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी उघडा. किती स्लॉट वापरात आहेत ते तिथं दिसतं. डीडीआर३ च्या जागी डीडीआर४ बसत नाही, आणि काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डलाच सोल्डर केलेली असते, तिथं नाद सोडा. एसएसडी घेतानाही साटा की एनव्हीएमई, ते मॉडेल नंबरवरून बघून घ्या. बॅकअप आधी, स्क्रू ड्रायव्हर नंतर. माझ्याकडे एक स्लॉट मोकळा निघाला, ४ आणि ८ मिळून १२ जीबी झाली. जुनी हार्ड डिस्क यूएसबी केसमध्ये घातली. बहिणीनं तिच्या फोनचे फोटो त्यात टाकायला सुरुवातही केली.