अक्षरांचे शिल्पकार : शेठ जावजी दादाजी

आपण रोज पुस्तक उघडतों, वाचतों आणि मिटून ठेवतों. आपलें लक्ष त्यांतील अर्थाकडे असतें. तो अर्थ डोळ्यांपर्यंत आणून पोंचविणाऱ्या अक्षराकडे आपण क्वचितच पाहतों. तें अक्षरही कोणीतरी कष्टानें घडविलेलें असतें. मराठी आणि संस्कृत वाचकांकरितां ज्यांनीं तें उत्तम रीतीनें घडविलें, त्या जावजी दादाजी चौधरी यांचें चरित्र येथें थोडक्यांत दिलें आहे.

प्रथम आपल्याच भागांतील एक गोष्ट सांगतों. १८०५ सालीं मिरजेस गंगाधरराव पटवर्धन यांच्या आश्रयानें भगवद्गीता छापली गेली. तांब्याच्या पत्र्यावर उलटीं अक्षरें कोरून तिचे छाप घेतले होते. प्रयत्न मोठा खरा. परंतु एका ग्रंथाकरितां कोरलेला पत्रा दुसऱ्या ग्रंथास उपयोगी पडत नाहीं. प्रत्येक अक्षराचा सुटा खिळा असेल, तरच तीं अक्षरें पुन्हां पुन्हां नव्या शब्दांत जुळवितां येतात. देवनागरीचे असे सुबक खिळे तयार करणें सोपें नव्हतें.

तें कां, हें पाहूं. इंग्रजी पुस्तकांतील रोमन अक्षरांच्या टोकांस बारीक आडव्या रेघांचीं पावलें असतात. त्यांच्या आधारानें डोळा ओळीवरून सरळ चालतो, असें मानलें जातें. अठराव्या शतकांत इंग्लंडांत जॉन बास्करव्हिल यानें अशीं फार सुंदर अक्षरें करविलीं. तो प्रथम हस्ताक्षर शिकविणारा शिक्षक होता; टांकाची जाड-बारीक रेघ त्यानें धातूंत उतरविली. आपल्या अक्षरांचें जाड-बारीक वळण तिरप्या कापलेल्या बोरूपासून आलें आहे. मात्र आपलीं अक्षरें पावलांवर उभीं नसून शिरोरेषेला लोंबतात. प्रत्येक खिळ्यावर त्या रेषेचा एक तुकडा असतो. एखादा खिळा केसभर वर-खालीं झाला, कीं ओळीचें मस्तकच भंगतें. शिवाय काना, मात्रा, वेलांटी, रफार आणि जोडाक्षरें यांमुळें खिळ्यांची संख्या शेंकड्यांवर जाते.

जावजींचा जन्म १८३९ सालीं मुंबईंत एका गरीब कुटुंबांत झाला. शाळेचा लाभ त्यांना फारसा मिळाला नाहीं. वयाच्या सुमारें दहाव्या वर्षीं ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत दरमहा दोन रुपयांवर कामास लागले. देवनागरी अक्षरें सुधारण्यांत निष्णात असलेले थॉमस ग्रॅहम हे त्या छापखान्यांत होते. मुलाकडे काम आलें तें खिळे घासण्याचें. सांच्यांतून निघालेल्या खिळ्याच्या कडेस धातूची कोर राहते. ती घासून काढली नाहीं, तर खिळे एकमेकांस नीट भिडत नाहींत आणि शिरोरेषेंत फट पडते. पाहणाऱ्यास हें काम हलकें वाटे. परंतु ओळ अखंड राखण्याचें मर्म त्यांतच होतें, आणि तें त्या मुलाच्या बोटांनीं बालपणींच ओळखलें.

पुढें मुंबईंतील इतर छापखान्यांत अनुभव घेऊन जावजींनीं १८६४ सालीं स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना काढला. राणोजी रावजी आरू हे कुशल कारागीर त्यांना सहकारी लाभले. पोलादाच्या टोंकावर अक्षर उलटें कोरावयाचें, तो ठसा तांब्यांत ठोकून सांचा करावयाचा, आणि त्यांत शिसें, अँटिमनी व कथील यांचा रस ओतून खिळा काढावयाचा, अशी ही रीत होती. एक वळण चुकलें, तर तें प्रत्येक पानावर चुकणार! म्हणून राणोजींचा हात आणि जावजींची नजर यांना विसावा ठाऊक नव्हता.

१८६९ सालीं त्यांनीं निर्णयसागर छापखाना सुरू केला. तेथील पंचांग घरोघर गेलें. १८८१ मध्यें विनायक कोंडदेव ओक यांचें ‘बालबोध’ मासिक मुलांच्या हातीं आलें. १८८६ पासून पंडित दुर्गाप्रसाद आणि काशीनाथ पांडुरंग परब यांच्या संपादनाखालीं ‘काव्यमाला’ निघूं लागली व कित्येक दुर्मिळ संस्कृत काव्यें प्रकाशांत आलीं. सुबक खिळे आणि शुद्ध छपाई यांमुळें निर्णयसागरच्या प्रतीवर विद्वान् मंडळी विश्वास ठेवूं लागली. ५ एप्रिल १८९२ रोजीं जावजी निवर्तले. त्यांचे चिरंजीव तुकाराम जावजी यांनीं तें कार्य पुढें चालविलें.

मिशनच्या छापखान्यांत ख्रिस्ती पुस्तकें छापतां छापतां जी विद्या एका हिंदु मुलास मिळाली, तिनेंच पुढें वेद, शास्त्रें आणि काव्यें शुद्ध स्वरूपांत घरोघर पोंचविलीं. विद्या एकदां हातांत उतरली, म्हणजे ती घराच्या किंवा पंथाच्या भिंती मानीत नाहीं. याचा आम्हां शिक्षकांना मोठा आनंद वाटतो.

पालकांनींही या चरित्रांतून एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. मुलगा हातानें काम करूं इच्छितो म्हणून त्याची बुद्धि कमी समजूं नये. आज खिळे जुळविण्याचें काम संगणकानें संपविलें आहे. तरी अक्षर घडवावें लागतेंच, आणि त्याला नजर व धीर हीं पूर्वींइतकींच लागतात. विद्यार्थ्यांनो, पुढच्या वेळीं पुस्तक उघडाल, तेव्हां क्षणभर ओळीच्या शिरोरेषेकडे पाहा. ती कोठेंही तुटलेली दिसली नाहीं, तर खिळे घासणाऱ्या त्या दहा वर्षांच्या मुलाचें स्मरण करा.