तंजावरचे सरफोजीराजे : राज्य गमावूनही रोग्यांची नोंद ठेवणारा राजा

तिरुवैयारु (जि. तंजावर, तमिळनाडू) : तंजावरच्या मराठा राजवंशातील सरफोजीराजे भोसले (दुसरे) यांची ओळख प्रामुख्याने सरस्वती महाल ग्रंथालयाचे आश्रयदाते अशी आहे. त्यांच्या काळात संकलित झालेल्या वैद्यकीय ग्रंथांमध्ये मधुमेहावरील उपचारांचा एक स्वतंत्र भाग आहे, याची चर्चा मात्र महाराष्ट्रात तुलनेने कमी झाली आहे. इन्सुलिनचा शोध लागण्यापूर्वी सुमारे एक शतक या आजाराकडे किती पद्धतशीरपणे पाहिले जात होते, याची साक्ष हा संग्रह देतो.

छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तंजावर येथे मराठा राज्याची स्थापना केली. याच भोसले कुळात २४ सप्टेंबर १७७७ रोजी सरफोजीराजांचा जन्म झाला. तुळजाजीराजांनी १७८७ मध्ये त्यांना दत्तक घेतले. मात्र लगेचच तुळजाजींचे निधन झाले आणि गादी त्यांचे सावत्र बंधू अमरसिंह यांच्याकडे गेली. बालवयातील सरफोजींचे पालकत्व जर्मन धर्मोपदेशक ख्रिश्चन फ्रेडरिख श्वार्ट्झ यांनी सांभाळले. पुढे मद्रास येथे त्यांचे पाश्चात्त्य पद्धतीचे शिक्षण झाले.

१७९८ मध्ये ते गादीवर आले. परंतु पुढच्याच वर्षी झालेल्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजांकडे तंजावरचा किल्ला, ठरावीक तनखा आणि महसुलाचा पाचवा हिस्सा उरला. वयाच्या बाविसाव्या वर्षी सत्तेला मुकलेल्या या राजाने उरलेले आयुष्य आणि उत्पन्न विद्येसाठी वेचले. ग्रंथसंग्रह वाढवला, शाळा काढल्या, देवनागरी मुद्रणालय उभारले. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला.

तंजावरच्या उत्तरेस कावेरीकाठी वसलेले तिरुवैयारु ही संत त्यागराजांची भूमी. १७६७ ते १८४७ या काळात होऊन गेलेले त्यागराज हे सरफोजीराजांचे समकालीन होत. नदीकाठचा कल्याण महाल येथील मराठा राजवटीची आठवण देतो. मराठा राजांनी या प्रदेशात रामेश्वरच्या यात्रामार्गावर अनेक छत्रे बांधली. तेथे वाटसरूंना अन्न मिळे, तसेच आजारी प्रवासी आणि बाळंतिणींची शुश्रूषाही होत असे. कंपनीने कारभार हाती घेतल्यानंतर ही छत्रे चालू राहावीत, यासाठी सरफोजीराजांनी १८०१ मध्ये लेखी आग्रह धरला होता.

हीच दृष्टी त्यांच्या धन्वंतरी महालात दिसते. या संस्थेत आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे जाणकार एकत्र काम करीत. औषधे रुग्णांवर वापरून पाहिली जात आणि गुणकारी ठरलेली लिहून ठेवली जात. नेत्ररुग्णांची टिपणे व डोळ्यांची रेखाचित्रे आजही ग्रंथालयात जतन केलेली आहेत. निवडक उपचार तमिळ पद्यांत गुंफण्यात आले. ‘सरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने ओळखला जाणारा हा संग्रह सरस्वती महालाने रोगवार खंडांत प्रसिद्ध केला. त्यांतील एक खंड ‘नीरिळिवु’ म्हणजेच मधुमेहाचा आहे.

तमिळमध्ये ‘नीर’ म्हणजे पाणी आणि ‘इळिवु’ म्हणजे ऱ्हास. हे नाव आजाराच्या सर्वांत ठळक लक्षणावर बोट ठेवते. त्यामागचे कारण मात्र त्या काळी जगात कोणालाही ठाऊक नव्हते. इंग्लंडमधील मॅथ्यू डॉब्सन यांनी मधुमेहींच्या लघवीत साखर असल्याचे १७७६ मध्ये, म्हणजे सरफोजीराजांच्या जन्माच्या आदल्याच वर्षी, दाखवून दिले होते. आयुर्वेदानेही मधुर लघवीचे लक्षण फार पूर्वीच नोंदवले होते.

आज ही प्रक्रिया स्पष्ट झाली आहे. भात, भाकरी यांतील पिष्टमय पदार्थांचे पचनानंतर ग्लुकोज बनते आणि ते रक्तात मिसळते. स्वादुपिंडातील बीटा पेशी त्याच वेळी इन्सुलिन स्रवतात. या संप्रेरकामुळे स्नायू आणि मेदपेशी रक्तातील ग्लुकोज आत घेतात, तर यकृत जादा ग्लुकोज साठवून ठेवते. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. दुसऱ्या प्रकारात शरीर त्याला पुरेसा प्रतिसाद देत नाही आणि कालांतराने त्याचा पुरवठाही अपुरा पडू लागतो. रक्तातील साखर प्रति डेसिलिटर सुमारे १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की मूत्रपिंडे ती पूर्णपणे रोखू शकत नाहीत. लघवीत उतरणारी साखर आपल्याबरोबर पाणीही ओढून नेते. वारंवार लघवी आणि न शमणारी तहान यांचे मूळ येथे आहे. रक्तात साखर मुबलक असूनही पेशी उपाशी राहतात, शरीर चरबी व स्नायू जाळू लागते आणि रुग्ण खंगतो.

स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्याला मधुमेह होतो, हे जर्मनीत १८८९ मध्ये आढळले. टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी १९२१ मध्ये इन्सुलिन वेगळे केले आणि जानेवारी १९२२ मध्ये ते प्रथमच रुग्णाला देण्यात आले. तोपर्यंत पहिल्या प्रकारच्या मधुमेहाचे निदान झालेले मूल सहसा फार काळ जगत नसे. पथ्य आणि औषधींनी काहींचा त्रास कमी होत असला, तरी शरीरात नसलेल्या इन्सुलिनची जागा त्या घेऊ शकत नव्हत्या.

त्यामुळे तंजावरच्या या संग्रहाकडे आजच्या उपचारांना पर्याय म्हणून पाहता येणार नाही. जुन्या पाठावर विसंबून इन्सुलिन बंद करणे पहिल्या प्रकारच्या रुग्णासाठी प्राणघातक ठरू शकते. संग्रहाचे मोल त्यामागील पद्धतीत आहे : रुग्ण पाहावा, उपचार करावा, परिणाम लिहावा आणि उपयोगी ठरेल ते पुढील पिढीसाठी ठेवावे. आजचा मधुमेही ग्लुकोमीटरवरील आकडा रोज वहीत लिहितो, तेव्हा तोही याच शिस्तीचा आधार घेत असतो.

सरफोजीराजांचे ७ मार्च १८३२ रोजी निधन झाले. त्यांचे पुत्र शिवाजी यांच्या १८५५ मधील मृत्यूनंतर कंपनीने हे राज्य खालसा केले. ग्रंथालय मात्र टिकले. १९१८ पासून ते सर्वांसाठी खुले असून संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठी हस्तलिखितांसह मोडी कागदपत्रांचा मोठा ठेवा तेथे अभ्यासकांना उपलब्ध आहे.