साथीचे मूळ समाजात शोधणारा प्राध्यापक

१८४८ साली प्रशियाच्या अप्पर सायलीशिया प्रांतात टायफसने थैमान घातले. सरकारने पाहणीसाठी पाठविलेले अवघे २६ वर्षांचे डॉ. रूडोल्फ फिरखो केवळ औषधोपचारांवर थांबले नाहीत. दारिद्र्य, उपासमार व अज्ञान हीच साथीची कारणे ठरवून त्यांनी शिक्षण आणि लोकशाहीची मागणी केली. त्यांच्या राजकीय मतांमुळे सरकारची खप्पा मर्जी झाली आणि १८४९ मध्ये त्यांना बर्लिन सोडावे लागले.

व्युर्झबर्ग विद्यापीठातील अध्यापनानंतर १८५६ मध्ये ते सन्मानाने परतले. पेशीविकृतिशास्त्राचा पाया घालणाऱ्या या प्राध्यापकाने नगरसेवक म्हणून बर्लिनच्या भूमिगत गटारयोजनेचा पाठपुरावा केला. लाखो शाळकरी मुलांच्या पाहणीतून शुद्ध वंशाची कल्पनाही त्यांनी फोल ठरविली. १९०२ मध्ये त्यांचे निधन झाले. सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक सायलीशियाचा तो अहवाल आजही वाचतात.